लेकरांना घेऊन संभाजीनगरात नव्यानं आलात? शाळेपासून सहलीपर्यंतचं वेळापत्रक

नोकरी वाळूजला किंवा शेंद्र्याला लागलेली असते, घर घाईघाईत बघितलेलं असतं, आणि घरात तीन ते आठ वर्षांचं एखादं लेकरू असतं. बीड, हिंगोली, किनवटकडून छत्रपती संभाजीनगरात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांची सुरुवात अशीच होते. पहिल्या वर्षी शाळा, व्हॅन, डबा, सुट्ट्या या सगळ्यात जी धावाधाव होते, तिच्यातली निम्मी टाळता येते. आम्ही त्यातून गेलो आहोत, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

आधी एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मराठवाड्यात लेकरांसाठी कुठलंही अंतर दुपारी साडेबाराच्या उन्हात मोजायचं. सकाळी सातला वीस मिनिटांचा वाटणारा रस्ता एप्रिलमध्ये शाळा सुटताना वेगळाच असतो. शाळा निवडताना हे लागू आहे आणि वेरूळला जातानाही.

१. घर आणि शाळा एकत्र शोधा

नव्या माणसाला सगळे शाळेचं नाव सांगतात. तुम्ही आधी नकाशा उघडा. शहराच्या पोटातून जालना रोड जातो, आणि रेल्वेचे रूळ सातारा परिसर, देवळाई, बीड बायपास हा भाग बाकीच्या शहरापासून तोडतात. रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असेल, तर तुमची सकाळ मोजक्या दोन-तीन वाटांवर अवलंबून राहते. वाळूजहून शहरात मूल पाठवायचं असेल तर नगर नाका आणि छावणीचा पट्टा कंपन्यांच्या पाळ्या बदलताना बघून या. जुन्या शहराकडच्या शाळांना जुन्या वेशीच्या दरवाजांमधून जावं लागतं. दरवाजे सुंदर आहेत, पण त्यातून एका वेळी एकच बस निघते.

प्रवेश घेण्याआधी शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर अर्धा तास उभं राहा. मुलं कोणाच्या हातात दिली जातात, रिक्षा कुठे लागतात, सावली आहे का, पाण्याची सोय कुठे आहे, हे सगळं तिथे दिसतं. माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

वेळेबद्दलही विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना मात्र ते जमवताना अडचण येते, म्हणून "तुमची पहिलीची घंटा किती वाजता?" हा प्रश्न थेट कार्यालयात विचारा. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. तिची मुलगी आता सातवीत असते.

२. वय आणि कागद

राज्यात वय ३१ डिसेंबरला धरतात. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३, ज्युनियर केजीसाठी ४, सिनियर केजीसाठी ५ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. "हुशार आहे, बसवा पुढच्या वर्गात" असं म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांना ही तारीख दाखवा.

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये हे ठेवा:

- जन्म दाखला. त्यावर मुलाचं नाव असलंच पाहिजे. दवाखान्यातून निघताना नोंद होते, पण नावाची जागा अनेकदा रिकामीच राहते. पहिल्या वर्षात नाव घालायला शुल्क नाही, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. हे काम जिथे जन्म झाला तिथल्या नगरपालिकेत, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होतं. म्हणजे जन्म माजलगावचा असेल तर काम माजलगावलाच. गावाकडून निघण्याआधीच उरकून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा हाच एकमेव पुरावा आहे.
- मुलाचं आधार. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद करून ते अद्ययावत करावं लागतं. पाच ते सात या वयात हे मोफत आहे. जूनमध्ये आधार केंद्रांवर झुंबड असते, त्याआधीच जा.
- आई-वडिलांचं आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो, लसीकरणाचं कार्ड.
- राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला.
- रहिवासाचा पुरावा.
- दुसरीत किंवा पुढच्या वर्गात येत असाल तर जुन्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, हे एकदा मांडीवर पसरून बघा. एकीकडे 'ज्ञानेश्वर', दुसरीकडे 'ज्ञानेश्वरराव', इंग्रजीत आणखी तिसरंच. आज ते चालून जातं, पण शाळेच्या ऑनलाइन नोंदीत आधारशी नाव जुळलं नाही की पुढे दहावीपर्यंत ते मागे लागतं.

शाळा सोडल्याचा दाखला उशिरा येणार असेल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याच्या उशिरामुळे आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेणं, देणगी मागणं यालाही त्याच कायद्यानं मनाई आहे. एका शाळेत आम्हाला "आई-वडील दोघंही इंग्रजीत बोलतात का?" असं विचारलं होतं. आम्ही मराठीत धन्यवाद म्हणून उठलो.

३. पंचवीस टक्क्यांचा प्रवेश: भाडेकरूंनी इथे सावध राहा

याच शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, नंतर सोडत निघते. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला लागतो. वेळापत्रक दर वर्षी बदलतं, त्यामुळे डिसेंबरपासूनच लक्ष ठेवा.

नव्यानं आलेल्यांचे अर्ज बहुतेक रहिवासाच्या पुराव्यावर अडकतात. रेशन कार्ड गावाकडचं असतं, वीजबिल घरमालकाच्या नावावर. मग राहतो भाडेकरार. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेला हवा, अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा आणि ११ महिने किंवा जास्त मुदतीचा हवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवरची नोटरी इथे चालत नाही. घरमालक "नोंदणी कशाला, खर्च वाढतो" म्हणतात. त्यांना सांगा की तो खर्च आम्ही करतो, पण करार नोंदवलेलाच पाहिजे.

अर्ज भरताना नकाशावर घराची खूण स्वतः करा. नेट कॅफेवाल्या मुलावर सोडू नका. घर ते शाळा हे अंतर त्या खुणेवरून मोजलं जातं, १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, आणि पडताळणीत खूण चुकीची निघाली तर लागलेला प्रवेशही रद्द होतो.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांकडेही एकदा जाऊन या. पुस्तकं मोफत, शालेय पोषण आहार आणि बहुधा घराजवळ. शाळेगणिक फरक खूप आहे. चांगल्या बाई लाभल्या तर खासगी शाळेची फी भरणारे शेजारी येऊन चौकशी करतात.

४. ने-आण: रिक्षावाले काका, व्हॅनवाले काका आणि आपली गाडी

स्कूल बससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत. वेग नियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि सोबत परिचारक या किमान गोष्टी. मुली असतील तर परिचारक महिला असायला हवी. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि तिच्यावर पालक प्रतिनिधी असतो. तो कोण, हे पहिल्याच पालकसभेत विचारून घ्या.

व्हॅन किंवा रिक्षा लावताना गाडीचा नंबर 'एम परिवहन' ॲपमध्ये टाका. फिटनेस आणि विमा चालू आहे की संपला, ते मिनिटभरात समजतं. मग सकाळी एकदा गाडीत किती मुलं बसतात ते डोळ्यांनी मोजा. "ताई, बसतंय सगळं, लेकरंच तर हायेत," हे उत्तर ऐकायला मिळेलच. चालकाच्या शेजारी मूल, मागच्या बाजूला आडव्या फळीवर मूल, दप्तरं बाहेर लटकलेली, असं असेल तर दोनशे रुपये वाचवायच्या मागे लागू नका. दुसरे काका शोधा.

ठरवताना एवढं स्पष्ट बोलून घ्या: मे महिन्याचे पैसे द्यायचे की नाही, शाळा अचानक लवकर सुटली तर काका येतील का, काका आजारी पडले तर बदली कोण, आणि मूल दारात सोडणार की गल्लीच्या तोंडाशी. मे महिन्याच्या पैशावरून होणारी भांडणं शहरभर सारखीच आहेत.

स्वतःच्या दुचाकीवर नेत असाल तर चार वर्षांखालच्या मुलासाठी हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधायचा सुरक्षा पट्टा बंधनकारक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतंच. लहान मापाचं हेल्मेट दुकानात मुलाला नेऊन, डोक्यावर घालूनच घ्या. पुढच्या टाकीवर उभं केलेलं मूल इथे रोज दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. आई-बाबा आणि दोन लेकरं एका गाडीवर, हेही तसंच.

५. रोजचं चक्र: पाणी, डबा, ऊन

या शहरात गणवेशाचा प्रश्न नळाशी जोडलेला आहे. कित्येक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, काही भागांत ते आठवड्यातून एखाद्याच दिवशी येतं. तुमच्या गल्लीचा दिवस कोणता, हे घर घेतानाच विचारा, आणि गणवेशाचे दोनऐवजी तीन जोड घ्या. पांढऱ्या गणवेशाचा वार असेल तर त्याच्या आदल्या दिवशी पाणी नसतंच, असा माझा अनुभव आहे.

डब्याला धपाटे सगळ्यात टिकाऊ. दह्याऐवजी ताकात किंवा नुसत्या पाण्यात भिजवलेले, कारण मार्चनंतर दुपारपर्यंत डब्यात आंबूस वास येतो. दशमी-गूळ, शेंगदाण्याचा लाडू, पोळीचा चुरमा हेही चालतं. शाळा आठवड्याचं डबापत्रक देते. त्यात 'इडली' लिहिलं असेल आणि तुम्ही ज्वारीची भाकरी-भाजी दिली तर काही आकाश कोसळत नाही. बाईंशी एकदा बोलून घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच शाळा सकाळच्या होतात. त्या दिवसांत मूल घरी येतं ते डोक्यावर ऊन घेऊन. पांढरी सुती टोपी दप्तरात कायमची असू द्या. पाण्याची बाटली लिटरची घ्या. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असल्याचं लिहिलंय का ते वाचून घ्या. गोड सरबताचे डबेही तसेच दिसतात, ते जुलाबात उपयोगाचे नाहीत.

एक तारीख लक्षात ठेवा: १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पालकांना हा दिवस ठाऊक नसतो आणि ते सुट्टी समजून झोपतात. १९४८ मध्ये याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. शाळेत झेंडावंदन असतं आणि पूर्ण गणवेशात सकाळीच हजर राहायचं असतं.

६. पहिली मोठी सहल: वेरूळ

आता सुट्टीचा दिवस. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. पाहुणे आले की हे उलटसुलट होतं आणि शंभर किलोमीटर जाऊन फाटक बंद दिसतं. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. कन्नडकडे जाणारी एसटी तिथूनच जाते. एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, बायकांना अर्धं, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. म्हणजे आजी-आजोबांना घेऊन निघालात तर गाडीच्या पेट्रोलपेक्षा एसटी स्वस्त पडते. वयाच्या पुराव्याला आधार सोबत ठेवा. लेण्यांवर १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, भारतीय प्रौढाला तिकीट ४० रुपये.

घरातून सकाळी साडेसहा-सातला निघा. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. छायाचित्रकार दुपारचं ऊन पसंत करतात. लेकरं असतील तर सकाळच बरी.

३४ लेणी एका दिवसात बघायचा अट्टहास करू नका. क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. छोट्यांसाठी तीन पुरतात. आधी सोळावं, कैलास. तिथे गर्दी वाढायच्या आत पोचा आणि मंदिर पाठीवर घेतलेले हत्ती मुलांना मोजायला लावा. हा एवढा डोंगर वरून खाली कोरत आणला, कळस आधी आणि पाया शेवटी, हे सहा वर्षांच्या पोराला मोठ्यांपेक्षा लवकर पटतं, कारण मातीत ते रोज तेच करतं. मग दहावं, ज्याला सुतार झोपडी म्हणतात. दगडात कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या फासळ्या बघून मुलं वर बघतच राहतात. आणि शेवटी, पावसाळ्यात गेलात तर एकोणतिसावं, शेजारी धबधबा असतो. कठड्याजवळ मुलाचा हात सोडायचा नाही. अकरा वाजले की बाहेर.

सापळे दोन. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरामुळे रस्ता आणि वाहनतळ दोन्ही भरतात. आणि शनिवार-रविवारी येताना दौलताबादच्या घाटातल्या दिल्ली दरवाजापाशी कोंडी होते. दरवाजा अरुंद, वाहनं लांबलचक. मागच्या सीटवर लेकरू "सू सू" म्हणायला तिथेच सुरुवात करतं. त्याआधी थांबून घ्या.

७. अर्ध्या दिवसाच्या जागा

पाणचक्की: डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून जातं फिरवलेलं. हौदातले मासे बघण्यात अर्धा तास सहज जातो. तिथून बीबी का मकबरा जवळ आहे. संध्याकाळी जा, मोकळ्या बागेत पळायला जागा मिळते, आणि संगमरवर दुपारी अनवाणी पायाला पोळतो.

दौलताबाद: पाच वर्षांच्या आतल्यांना माथ्यापर्यंत नेऊ नका. चांद मिनार, तोफा, खंदक एवढं पुरे. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं असतात, काही मुलांना ती मजा वाटते, काही रात्रभर झोपत नाहीत. माकडांसमोर पिशवी उघडू नका. आग्या मोहोळ दिसलं तर गोंगाट, धूर, अत्तर काहीही नको, निमूट मागे फिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतताना रस्त्यावर सीताफळं घ्या.

पैठण: साधारण ५० किलोमीटर. नाथांचं दर्शन, हातमागावर पैठणी विणताना बघणं, आणि हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी. दुर्बीण असेल तर न्या. पाण्याच्या काठाला उतरू देऊ नका, गाळ फसवा असतो.

म्हैसमाळ हे डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण, फक्त पावसाळ्यात. धुकं बघायचं, कणीस खायचं, परत यायचं.

अजिंठा मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला ठेवून बसनं पुढे जावं लागतं, मग चढ. काळोखात चित्र बघायला थांबण्याइतका धीर तीन वर्षांच्या मुलाकडे नसतो, आणि तुमचंही लक्ष मग चित्रात राहत नाही.

८. शेतावरचं बोलावणं आलं तर

डिसेंबर अखेरपासून हुरडा सुरू होतो. शहराभोवती तिकीट लावून हुरडा देणारी ठिकाणं आहेत, तिथे बैलगाडी, झोके सगळं असतं. पण ऑफिसातल्या कुणी "आमच्या शेतात या" म्हटलं तर ते आधी घ्या. सकाळी नऊच्या सुमारास पोचा, कोवळं ऊन असतं. आगटीभोवती मुलांना वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवा, धूर आणि फुफाटा दोन्ही टळतो. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे दाणे देऊ नका, बोटांनी चुरून द्या. सोबत तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं. जेवणाची भूक उरत नाही, तेव्हा परतीला डबा बांधून नेऊ नका.

लातूर-धाराशिवकडचं कुणी ओळखीचं झालं तर मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, बोलावणं येईल. तिकडे येळवस म्हणतात. कडब्याची कोप (छोटी खोपी) करून तिच्यात पूजा, मग भज्जी (डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबिल, खीर, आणि ज्याच्या शेतावरून जाल तो जेवायला बसवतो. नाही म्हणायची सोय नसते, म्हणून पहिल्या शेतावर थोडंच खा. शेतात काटे असतात, मुलांना चपला नको, बूट घाला. आंबिल आंबट असते, मुलांना आधी घोटभर द्या.

लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, पण संभाजीनगरातल्या शाळा सुरू असतात. त्यामुळे वर्गशिक्षिकेला आदल्या दिवशी वहीत चिठ्ठी लिहून द्या आणि व्हॅनवाल्या काकांना "उद्या येऊ नका" हे रात्रीच कळवा, नाहीतर ते सकाळी सातला दारात हॉर्न वाजवत उभे राहतात.